साक्षीदार क्रमांक सात

लातूरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं एरवी बांधाचे आणि फारकतीचे खटले चालतात,
भिंतीला टीव्ही लावलाय. खाली इन्व्हर्टर गुणगुणतोय.
जिलानी कारकून म्हणतो, "टोम्पे, सरळ बसा.
त्या काळ्या टिकलीत बघा."

टिकलीपलीकडं एक बेट आहे.
तिथला जज, तिथला पंखा,
आणि तिथलाही नसलेला एक पोरगा.

नाव? किशन ग्यानोबा टोम्पे.
काम? ऑइलर होतो जहाजावर. आता मोटार रिवाइंडिंग,
औसा, बसस्टँडमागं.
जहाज कुणाचं?
हे मला कधीच नीट सांगता आलं नाही.
झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा,
कप्तान युक्रेनचा, स्वयंपाकी मनिलाचा,
पोटात गहू, तो कुणाचा कुणास ठाऊक,
आणि इंजिनाच्या तेलात औशाचे दोन हात.

त्या दिवशी समुद्र कसा होता?

ज्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं
तिथं बसून मी सांगतो:
शांत होता साहेब. परातीतल्या पाण्यावानी.

एडनच्या आखातात रांग लागायची.
पुढं चिनी युद्धनौका, मागं आपली,
वर कुठंतरी डेन्मार्कचं हेलिकॉप्टर.
नकाशावर भांडणारी राष्ट्रं
रेडिओवर एकमेकांना गुड मॉर्निंग घालायची.
आम्ही कठड्याला काटेरी तार गुंडाळली,
जुन्या बॉयलरसूटांत चिंध्या कोंबून
डेकवर माणसं उभी केली.
मनिलाची पोरं हसली, हे काय?
म्हनलं, बुजगावणं. आमच्या ज्वारीत असतं.
मग पाखरं येत नाहीत?
येतात की. त्याच्याच डोक्यावर बसतात.

बेअरिंग तापलं. रांग पुढं गेली, आम्ही मागं पडलो.
बेअरिंग माझ्याकडं होतं.
हे मला आजवर कुणी विचारलं नाही.

ते आले शिडी लावून, अनवाणी, चहाच्या वेळेला.

एकशे अकरा दिवस.
हा पोरगा तेव्हा मिसरूड न फुटलेला,
समोरच्या दाताचा कोपरा उडालेला.
त्यानं माझ्या पाठीत बंदुकीचा दस्ता घातला.
आणि तिसऱ्या महिन्यात, पाणी संपलं तेव्हा,
अर्धी बाटली माझ्याकडं सरकवली, भलतीकडं बघत.
दोन्ही खरं आहे.
वकिलानं पहिलं लिहून घेतलं.

एकदा खुणेनं म्हणाला, बाप जाळं टाकायचा.
मग मोठाली जहाजं आली.
मग त्यानं दोन्ही तळहात उलटे करून दाखवले.
त्याला दुभाषी लागला नाही.

आम्हाला सोडवलं ते पहाटे, काळ्या रबरी होड्यांतून.
बोली कुठली कळेना, "खाली झोपा" तेवढं कळलं.
पोरांना एका देशानं पकडलं,
दुसऱ्यानं ठेवून घ्यायला नकार दिला,
तिसऱ्याच्या तुरुंगाला चौथ्यानं पैसे दिले,
तेव्हा कुठं हा खटला उभा राहिला
आणि समन्स घेऊन पोलीस आला माझ्या दुकानात.
शेजारी अजून विचारतात, काय केलंस रे किशन?

"या आरोपीला ओळखता का?"

पोरगा टिकलीत बघतो. दात तसाच.

मी म्हणतो, हौ.

जिलानीनं आधीच बजावलं होतं, उत्तराला वेळ लागतो.
आवाज इथून मुंबईला जातो, तिथून समुद्राच्या तळाशी.
म्हणजे आत्ता माझा हौ
त्याच पाण्याखालून चाललाय.
वर जहाजं रांगेत असतील,
चिंध्यांची माणसं पहाऱ्यावर असतील,
आणि तिकडच्या त्या खोलीत
अजून दोन सेकंद
त्याला कुणीच ओळखलेलं नाही.

तेवढ्यात तो बाहीनं नाक पुसतो.

मग मान खाली.

"साहेब, पाण्याचं एक राहिलं..."
ते प्रश्नात नव्हतं, असं उत्तर येतं. तेही उशिरानं.

जिलानी फॉर्म पुढं करतो.
भत्ता मिळेल. औसा-लातूर, एसटीची तिकिटं जोडा,
येण्याचं आणि जाण्याचं.
मी खिसा चाचपतो.
येण्याचं आहे, घामानं मऊ झालेलं.
जाण्याचं अजून काढायचंय.